तापीच्या खोऱ्यातील कवयित्री : बहिणाबाई चौधरी

मराठीतील 'छंद' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. एखाद्या गोष्टीची जिवाला लागलेली निरपेक्ष ओढ, तिला आपण छंद म्हणतो. आणि कवितेच्या चरणांतील अक्षरांचे जे मोजमाप, त्यालाही छंदच म्हणतो. हे दोन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेले पाहावयाचे असतील, तर आपल्या डोळ्यांपुढे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांची मूर्ती उभी राहते. गाणे हा बहिणाबाईंचा व्यवसाय नव्हता. शेत, गोठा, चूल आणि मुलेबाळे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यात राबताना ओठांवर जे आले, ते त्यांचे काव्य. त्यांनी हाती कधी लेखणी धरली नाही, कारण त्यांना अक्षरओळखच नव्हती. आणि तरीही आज मराठी कवितेचा इतिहास त्यांचे नाव घेतल्यावाचून पुरा होत नाही.

सुरतेतील मराठी शाळेच्या वार्षिकात त्यांचे चरित्र सांगावयास आम्हांस आणखीही एक कारण आहे. ज्या तापी नदीच्या काठी आपले हे शहर वसले आहे, ती मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशात उतरते, भुसावळाजवळून पश्चिमेकडे वळते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेखाली अरबी समुद्रास मिळते. खानदेशची जी काळी, कसदार जमीन या नदीच्या खोऱ्यात पसरली आहे, तीच बहिणाबाईंची कर्मभूमी. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जाणारा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास सुरू झाला, आणि पुढे याच मार्गाने खानदेशातील सहस्रावधी कुटुंबे आपल्या शहरातील यंत्रमागांवर कामास आली. उधना, लिंबायत या भागांतून हिंडले, की त्यांची बोली आजही कानी पडते. आमच्या वर्गांतील कितीतरी मुलामुलींच्या आज्या बहिणाबाईंच्या गावांच्या आसपासच्याच आहेत. तेव्हा हे चरित्र परक्या मुलुखातील थोर व्यक्तीचे नव्हे, तर आपल्याच घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीचे आहे, असे समजून विद्यार्थ्यांनी ते वाचावे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळील आसोदे या गावी झाला. त्यांचे वडील उखाजी महाजन व आई भिमाई. घामा, गना व घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी, असे ते भरले घर होते. घर शेतकऱ्याचे. त्या काळी मुलींनी शाळेत जावयाचे, ही कल्पनाच खेड्यांत रुजली नव्हती. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती १८४८ साली. परंतु तो प्रकाश आसोद्याच्या शिवारापर्यंत पोहोचावयास अद्याप फार अवकाश होता. मुलीचे शिक्षण म्हणजे आईच्या हाताखाली घरकाम शिकणे व शेतात बापाच्या, भावांच्या मागे फिरणे. बहिणाबाईंची शाळा ती हीच. तीत त्यांनी पाऊस ओळखावयास शिकून घेतले, बियाणे पारखावयास शिकून घेतले, गुरांचे मन जाणावयास शिकून घेतले. आणि जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्या कानांत साठवून ठेवल्या.

येथे जात्याविषयी चार शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण आजच्या मुलांनी जाते बहुधा लग्नाच्या विधीतच पाहिले असेल. एकावर एक अशा दोन दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. एका हाताने खुंटा धरून तळी फिरवावयाची व दुसऱ्या हाताने त्या तोंडात मूठमूठ धान्य घालावयाचे. घरातील पाचसात माणसांना पुरेल एवढे ज्वारीबाजरीचे पीठ हवे, तर पहाट होण्यापूर्वीच उठून बसावे लागे. काम कष्टाचे व एकसुरी. आणि म्हणूनच त्याच्या फिरण्याच्या लयीवर गाणे आपोआप उमटे. ना तंबोरा, ना टाळ, ना मृदंग. दगडावर दगडाची घरघर हाच स्वर आणि फेऱ्याचा आवर्त हाच ताल. पुरुषमंडळी झोपलेली असत. सासूही अद्याप उठलेली नसे. दिवसभरात स्त्रीला स्वतःची म्हणावी अशी तेवढीच घटका असे, आणि त्या घटकेत ती जे कोणापाशी बोलता येत नाही, ते जात्यापाशी बोले. भावाची वाट, आईची आठवण, नवऱ्याचा राग, लेकीची काळजी, हे सारे ओवीत येई. खानदेशात या जात्याला घरोट असेही म्हणतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये काही वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी अशा ओव्या ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून जमवून 'स्त्रीजीवन' या ग्रंथात एकत्र केल्या, हे विद्यार्थ्यांनी जरूर ध्यानात ठेवावे. परंतु त्या ओव्यांची कर्ती कोण, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या अनाम स्त्रियांच्या अफाट मेळ्यातून जिचे नाव व चेहरा आपणांस निश्चित ठाऊक आहे, अशी एक बहिणाबाई पुढे आली. तिच्या चरित्राचे महत्त्व येथेही आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला, आणि आसोद्याची महाजनांची लेक जळगावच्या चौधरीवाड्याची सून झाली. माहेर काही दूर नव्हते. परंतु सासुरवाशिणीचे अंतर कोसांत मोजावयाचे नसते. ते परवानगीत मोजावयाचे असते. सणावाराला, विशेषतः आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात व गाणी म्हणतात. वर्षातील ते चार दिवस हाच काय तो विसावा. माहेरची ही ओढ पुढे बहिणाबाईंच्या काव्यात वारंवार प्रकट झाली. त्यांच्या एका गाण्यात एक योगी सासुरवाशिणीला विचारतो, की तू सदा माहेराचेच गुणगान का गातेस; आणि ती त्याला जे उत्तर देते, त्यात स्त्रीजन्माचा एक फार मोठा अर्थ साठविला आहे. आपण सासरी नांदलो, तरच आपल्या लेकीला माहेर मिळते, असा त्याचा आशय. मोठमोठ्या ग्रंथांतून जे सांगावयास अनेक पाने लागली असती, ते एका निरक्षर स्त्रीने घरोटाच्या दोनचार फेऱ्यांत सांगून टाकले.

चौधरी कुटुंब एकत्र व मोठे होते. पहाटे दळण, मग पाणी, मग गोठा, मग भाकऱ्या, मग शेत, आणि सायंकाळी पुन्हा चूल, असा तो क्रम होता. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणून अजून ओळखतात, तो त्यांच्या विशीतला. त्यामागोमाग प्लेगच्या साथी आल्या. बहिणाबाईंना काशी नावाची मुलगी, तसेच ओंकार व सोपान हे दोन मुलगे झाले. प्लेगच्या आजाराने ओंकारास कायमचे अपंगत्व आले. धाकटा सोपान १९०७ साली जन्मला. तो पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्रास परिचित झाला.

आणि १९१० च्या सुमारास, बहिणाबाईंचे वय अवघे तिशीचे असताना, नथुजींचे निधन झाले. पदरी तीन मुले, त्यांतील एक अपंग व एक जेमतेम तीन वर्षांचे. एकत्र कुटुंबातील विधवेची त्या काळी काय स्थिती असे, हे आजच्या पिढीस समजावून सांगावे लागेल. हिंदू विधवेस पतीच्या मालमत्तेत हक्क देणारा कायदा पुढे १९३७ साली झाला. १९१० साली तिच्या वाट्याला येत असे, ते मुख्यतः काम आणि शुभकार्यांतून दूर राहण्याची आज्ञा. कपाळाचे कुंकू गेले, की समाज त्या स्त्रीला अर्धमेली समजत असे. आर्थिक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी बहिणाबाईंवर हा घाव पडला. दुसरी एखादी स्त्री त्याखाली मोडून गेली असती.

बहिणाबाई मोडल्या नाहीत, याचे कारण शोधू गेल्यास आम्हांस दोन गोष्टी दिसतात. एक कष्ट व दुसरे गाणे. वैधव्यावर त्यांनी जे गाणे रचले, त्यात दुःख आहे. परंतु त्यात दैन्य नाही. रडणे काही काळाने आवरावे लागते, कारण मुले भुकेली आहेत व शेत वाट पाहत आहे, हे त्या गाण्यातील स्त्रीला ठाऊक आहे. हात पाहून भविष्य सांगू पाहणाऱ्या जोशीबुवालाही त्यांची नायिका नम्रपणे, परंतु स्पष्टपणे नकार देते. कुंकू पुसले गेले, तरी कष्ट करणारे मनगट शाबूत आहे, यावर तिचा भरवसा आहे. आपल्या समाजात शिकलेली माणसेही जेव्हा ज्योतिष्यांच्या दारी रांगा लावतात, तेव्हा ही निरक्षर शेतकरीण आपल्यापेक्षा किती पुढे होती, ते कळून येते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अशा गाण्यांत त्या आपले दुःख जगापुढे मांडीत नव्हत्या. ऐकणारे कोणी नव्हतेच. आपलेच मन आपल्याशी बोलावे, त्याला धीर द्यावा, त्याची कानउघाडणी करावी, एवढाच त्या गाण्यांचा हेतू होता. म्हणूनच त्यांत आव नाही, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याच्या काळजाला जाऊन भिडतात.

बहिणाबाईंच्या गाण्यांचे विषय पाहावयास गेलो, तर त्यांत त्यांचा सारा दिवस व सारे वर्ष सामावलेले दिसते. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी ही शेतीची कामे, पोळा, गुढीपाडवा, आखाजी हे सण, विहिरीवरची मोट, चूल व तवा, झाडावर टांगलेला सुगरणीचा खोपा. चुलीच्या चटक्यावरून त्यांनी संसाराचे मर्म सांगितले. उभ्या पिकात पुन:पुन्हा शिरणारे ओढाळ गुरू, ही शेतकऱ्याची रोजची डोकेदुखी. तिचाच दृष्टान्त त्यांनी माणसाच्या मनाला लावला, आणि मनाच्या चंचलतेवर मराठीत जे काही उत्तम लिहिले गेले आहे, त्यांत त्या गाण्याला मानाचे स्थान मिळाले. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांचे गाणे तर लहान मुलांनाही मुखोद्गत असते. पक्षिशास्त्र असे सांगते, की तो खोपा नर पक्षी विणतो व मादी पसंत करून त्यात अंडी घालते. बहिणाबाईंना मात्र त्या खोप्यात पिलांसाठी झटणारी आई दिसली. आणि चोचीएवढे साधन असलेला जीव जे करतो, ते माणसाने हात असून का करू नये, असा प्रश्न त्यांनी केला. शास्त्राचे सत्य निराळे व काव्याचे निराळे. दोहोंचाही अभ्यास विद्यार्थ्यांनी करावा.

त्यांची दृष्टी केवळ जुन्यातच रमलेली होती, असे समजण्याचे कारण नाही. जळगाव हे कापसाच्या व्यापाराचे शहर. तेथे नवनवी यंत्रे येत होती. बहिणाबाईंनी छापखाना पाहिला आणि त्यावर गाणे केले. कोरा कागद आत जातो व अक्षरांनी भरून बाहेर येतो, हा चमत्कार ज्या स्त्रीला त्या अक्षरांतील एकही वाचता येत नव्हते, तिने केवढ्या कुतूहलाने व केवढ्या मार्मिकपणे न्याहाळला असेल! कागद शहाणा होतो, परंतु माणूस शिकूनही शहाणा होत नाही, अशी जी टोचणी त्यांच्या विचारात आढळते, ती आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. माणसे कशी असतात व कशी असावीत, याबद्दलची त्यांची मते ठाम होती. ज्याला माणुसकी नाही त्याला माणूस म्हणू नये, हे त्यांनी अनेक परींनी सांगितले. आणि जन्म व मृत्यू यांमध्ये केवळ एका श्वासाचे अंतर आहे, हे तत्त्वज्ञानही त्यांनी शेताच्या बांधावरच मिळविले.

आता ही गाणी आपणांपर्यंत पोहोचली कशी, ते पाहू. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. गाणे ओठी येई, काम संपे, आणि गाणेही हवेत विरून जाई. त्याचे त्यांना फारसे काही वाटतही नसावे; भाकरी खाऊन संपली म्हणून कोणी हळहळत नाही. परंतु सोपान शाळेत जाऊ लागला. असे सांगतात, की एके दिवशी त्याने सावित्री-सत्यवानाचा धडा आईला वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली, ती आईच्या आवाजाने. ती दळीत होती, आणि रात्री ऐकलेली ती कथा तिच्या स्वतःच्या शब्दांत गाण्याच्या रूपाने उतरत होती. मुलाच्या ध्यानात आले, की आपली आई काही निराळीच आहे. तेव्हापासून सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती गाणी कागदावर उतरवून ठेवण्यास आरंभ केला. मुले शेतात असत, आई गात असे. जे हाती लागले ते लिहिले गेले, जे निसटले ते निसटले. बहिणाबाईंनी आयुष्यभरात जे रचले, त्याचा लहानसा अंशच आज आपल्या हाती आहे.

३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. तोवर सोपानदेव स्वतः कवी म्हणून नावारूपास आले होते. 'काव्यकेतकी' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. आईची वही त्यांच्या संग्रही होती, परंतु ग्रामीण बोलीतील, एका अडाणी समजल्या जाणाऱ्या स्त्रीची ही गाणी विद्वानांपुढे ठेवावी की नाही, असा संकोच त्यांना वाटत होता. शेवटी त्यांनी ती आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांस दाखविली. अत्र्यांनी ती ऐकली मात्र, आणि हे तर बावनकशी सोने आहे व ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा अपराध होय, असा निर्वाळा दिला. त्यांच्याच विस्तृत प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रकाशित झाला. आईच्या मृत्यूनंतर वर्षभराने आईचे पुस्तक निघाले. ते बहिणाबाईंनी पाहिले नाही. आणि पाहिले असते, तरी त्यांना ते वाचता आले नसते. त्यांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतले असते, आणि कदाचित त्यावरही एखादे गाणे केले असते.

संग्रह प्रसिद्ध होताच मराठी रसिकांनी त्याचे मोठ्या आदराने स्वागत केले. १९६१ सालच्या 'मानिनी' या चित्रपटातून त्यांतील गाणी घरोघरी पोहोचली. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कवितांना स्थान मिळाले. आणि जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. जिने कधी शाळेची पायरी चढली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी आज सहस्रावधी पदवीधर अभिमानाने मिरवितात. काळाने उगविलेला याहून मोठा न्याय दुसरा कोणता असू शकेल?

बहिणाबाईंच्या गाण्यांत आणखी एक धन आहे, व त्याविषयी आम्हांस विशेष आग्रहाने लिहावयाचे आहे. ते म्हणजे त्यांची भाषा. त्या पुस्तकी मराठीत गायिल्या नाहीत. लेवा गणबोली ही जी त्यांच्या घरची बोली, तीतच त्यांनी सर्व काही सांगितले. या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, 'ण'च्या जागी 'न' येतो. 'डोळा' म्हणावयाच्या ठिकाणी 'डोया' म्हटले जाते. आमच्या शाळेत नव्याने येणारी मुले असे बोलतात, तेव्हा शेजारची मुले हसतात, आणि मग ती मुले गप्प बसू लागतात. घरी आई शाळेत भेटावयास आली, तर तिने फार बोलू नये, असे त्यांना वाटू लागते. हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, आणि दर वेळी आमच्या मनाला त्याची खंत वाटली आहे. आमची स्वतःची मातृभाषा कोकणी. तीही दीर्घकाळ केवळ बोली म्हणून हिणविली गेली, आणि पुढे तिला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान दिला व १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती समाविष्ट झाली. तेव्हा बोलीला हिणविणे म्हणजे काय, हे आम्ही जाणून आहोत. प्रमाण मराठी उत्तम शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून शिक्षणाची व व्यवहाराची दारे उघडत नाहीत. परंतु ती शिकण्यासाठी आईची बोली टाकावी लागते, हा समज खोटा आहे. ज्या 'डोया' शब्दाला वर्गात हसू येते, त्याच शब्दांनी मराठीतील एक श्रेष्ठ काव्य घडले आहे. बहिणाबाईंच्या गाण्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर करून पाहा. अर्थ सारा उरेल, पण सुगंध उडून जाईल.

आपल्या सुरतेतच जन्मलेले गुजराती कवी नर्मद यांची येथे आठवण होते. १८३३ साली जन्मलेल्या या पुरुषाने १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडली व सारे आयुष्य लेखणीच्या स्वाधीन केले. लेखणीसाठी संसाराची ओढाताण त्यांनी सोसली. बहिणाबाईंनी संसार सोडला नाही व लेखणी धरली नाही. एकाने काव्यासाठी सर्वस्व पणास लावले; दुसरीने सर्वस्व सांभाळता सांभाळता काव्य केले. दोन्ही मार्ग थोरच होत. परंतु आपल्यांतील बहुतेकांच्या वाट्याला दुसराच मार्ग यावयाचा आहे, आणि तो हलका नाही, हे बहिणाबाईंचे चरित्र आपणांस सांगते. गाणे रचावयास मोकळा वेळ, स्वतंत्र खोली, महाग वाद्य यांपैकी काहीही अनिवार्य नाही. अनिवार्य आहे ती आपल्या माणसांकडे व आपल्या कामाकडे प्रेमाने पाहणारी नजर.

जनसामान्यांच्या गाण्यांचे मोल जगभर ओळखले गेले आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुनी कथागीते अमेरिकेतील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ग्रंथबद्ध केली. त्यांची संख्या ३०५ आहे. गुजरातेत झवेरचंद मेघाणी यांनी खेडोपाडी हिंडून स्त्रियांच्या तोंडची गीते 'रढियाळी रात' या संग्रहात जतन केली. महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी गोळा केल्या आहेत. हे कार्य घाईचे होते, कारण पिठाची गिरणी गावात आली, तशी जाती बंद पडली. आणि जाती बंद पडली, तशा ओव्याही बंद पडल्या. गिरणीने स्त्रीचे कष्ट वाचविले, हे फार चांगले झाले, व त्याबद्दल कोणी दुःख करू नये. परंतु त्या कष्टांतून निघालेले शब्दधन कष्टांबरोबरच नाहीसे व्हावे, हे मात्र आपल्या हातून घडता कामा नये.

विद्यार्थिमित्रांनो, सोपानदेव हा एक शाळकरी मुलगा होता. त्याच्यापाशी एक वही होती व लिहावयास शिकलेला एक हात होता. त्या वहीवाचून आज बहिणाबाई हे नाव चौधरीवाड्याच्या बाहेर कोणास ठाऊक झाले नसते. आमच्या मते या चरित्रातील अर्धे श्रेय आईचे आहे, तर अर्धे ऐकणाऱ्या मुलाचे आहे. आपल्या घरी साड्यांवर टिकल्या लावताना, लेस शिवताना, धुणी धुताना आई किंवा आजी काही गुणगुणत असेल. ती गावाकडची ओवी असेल, आखाजीचे गाणे असेल, अथवा तिनेच त्या क्षणी जुळविलेल्या दोन ओळी असतील. तिला थांबवू नका, हसू नका. हातातील दूरध्वनीयंत्र क्षणभर बाजूला ठेवा, किंवा त्यातच तिचा आवाज साठवून घ्या. आणि मग वही उघडून ते शब्द जसेच्या तसे, 'ळ'च्या जागी 'य' असेल तर 'य'च ठेवून, लिहून काढा. शेजारी तिचे नाव, तिच्या गावाचे नाव व तारीख घाला.

प्रत्येक घरात बहिणाबाई असेलच, असे आम्ही म्हणत नाही. तशी प्रतिभा शतकातून एखादीच जन्मास येते. परंतु ती कोणत्या घरात जन्मास आली आहे, हे आधी कोणास सांगता येत नाही. तोवर वही उघडी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.